अडतीस लाल घागरे

वाल्देलीस सात वर्षांची झाली तेव्हा आईने तिला शेडमध्ये नेऊन जमिनीवर बसवलं, पाय लांब करायला लावले, मांडीवर पत्र्याचं ताट ठेवलं आणि आपटबार कसा वळायचा ते एकदाच दाखवलं. कागदाचा चौकोन, त्यात चिमूटभर बारीक खडी, खडीवर स्फोटक मसाल्याचा ओला ठिपका, मग दोन बोटांनी पीळ. दुसऱ्यांदा दाखवायला आईकडे वेळ नव्हता. संध्याकाळपर्यंत पोरीच्या बोटांची टोकं काळी-चंदेरी झाली ती कायमचीच. पुढे चर्चमध्ये हात जोडून उभी राहिली तरी पाद्रीला कळायचं, ही कुठल्या शेडमधली.

मासापे गावात बायकांना दुसरं काम नव्हतं. ऊस होता तो पुरुषांचा, आणि साखर कारखाना बंद पडल्यावर त्यांचाही राहिला नाही. वाल्देलीसचा नवरा साओ पाउलोला इमारती बांधायला गेला. इमारती किती बांधल्या ठाऊक नाही, दुसरा संसार मात्र पक्का बांधला. वाल्देलीसने दोन महिने वाट पाहिली. तिसऱ्या महिन्यात त्याचा ठेवणीतला कोट उसवून पोरीला दप्तर शिवलं. पोरीचं नाव जुसेलिया. ते दप्तर पोरीने चार वर्षं वापरलं आणि मग तीही शेडमध्ये येऊन आईशेजारी पाय लांब करून बसली.

दिवसभर आपटबार आणि संध्याकाळी शिलाई, असं वाल्देलीसचं चालायचं. शेजारीण क्रिस्पिना तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दोन घरांत भिंत एकच आणि त्या भिंतीला खिडकी. त्या खिडकीतून कसाव्याचं पीठ, कात्री, विस्तव आणि गावाच्या कुटाळक्या इकडून तिकडे जात. क्रिस्पिनाचे डोळे अधू झाल्यापासून ती शेडमध्ये जात नसे. तिच्या दोन्ही पोरी जात, मारिनेस आणि रोझेनिल्दा. त्यांचे बाप्तिस्म्याचे झगे वाल्देलीसने शिवले होते. थोरलीच्या लग्नाचाही तिनेच शिवला आणि कमरेत चार बोटं जास्त ठेवली, का ते विचारलं नाही.

शेड होती जिल्दोशेठची. पुरं नाव आस्त्रोजिल्दो, पण एवढं लांब नाव घ्यायला गावात कुणाला सवड नव्हती. शेठ गावातल्या निम्म्या पोरांचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला उभं राहायची, मेणबत्ती धरायची त्याला भारी हौस. जुसेलियालाही त्यानेच धरलं होतं, म्हणून वाल्देलीस त्याला शेठ न म्हणता ‘कोंपाद्रे’ म्हणायची आणि तो तिला ‘कोमाद्रे’. पोरीच्या धर्मबापाशी आईचं भावाबहिणीचं नातं जुळतं. इथे नातं पाळायचं काम बहिणीकडे होतं आणि पाळून घ्यायचं काम भावाकडे.

शेडच्या भिंतीवर एक पाटी होती. वरचे सरकारी साहेब वर्षातून एकदा येत, पाटी जागेवर आहे ना बघत, कॉफी पीत आणि जात. पाटीवर काय लिहिलंय ते बायकांना कुणी वाचून दाखवलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. लॅटिन प्रार्थना चर्चात असते तशी पाटी शेडमध्ये असते, एवढंच. बायका पिठाच्या गोण्यांचे सुती झगे घालून येत, कारण दुसरे नव्हते.

डिसेंबरच्या चार तारखेला सांता बार्बराचा सण. चर्चमध्ये ती सांता बार्बरा आणि ढोल वाजतात त्या अंगणात इयान्सां, बाई एकच. वीज तिची, वादळ तिचं, दारूकाम करणारे सगळे तिच्या पदराखाली. त्या दिवशी लाल घालायचं, भेंडीचं कारुरू रांधायचं, आणि दुपारी मिरवणूक. पण डिसेंबरातच नववर्षाच्या ऑर्डरी असतात. आदल्या वर्षी निम्म्या बायका मिरवणूक बघायला म्हणून दहा वाजता उठल्या आणि थेट दुसऱ्या दिवशी परत आल्या. शेठला ते फार लागलं.

म्हणून त्या वर्षी नोव्हेंबरात त्याने वाल्देलीसला घरी बोलावलं आणि कापडाचा एक तागा पुढ्यात टाकला. लालभडक, चकचकीत, पाण्यासारखं हातातून सुटणारं नायलॉन. असं कापड मासाप्यात फक्त टीव्हीत दिसायचं. शेठ म्हणाला, सगळ्याजणींना घागरे शिव. चार तारखेला सकाळी घालूनच कामाला यायचं, अकरापर्यंत हात चालवायचे, मग सगळ्यांनी मिळून थेट मिरवणुकीत. कपडे बदलायला घरी जायला नको. मात्र मी दिलं म्हणून सांगू नकोस, दुसऱ्या शेडच्या बायाही हात पसरतील. देवीच्या नावाने आलंय म्हण.

वाल्देलीसने तसंच सांगितलं. एकोणचाळीस घागरे बेतले, अडतीस शेडमधल्या बाकीच्या जणींचे आणि एक स्वतःचा. मशीनवर ते कापड चालेना, सुईला चिकटायचं, बोटांना चिकटायचं, मांडीवरून उचललं की झग्यासकट वर यायचं. तिने त्याला शिव्या घातल्या, मग देवीचं आहे म्हणून तोंडावर हात ठेवला.

क्रिस्पिनाच्या पोरी मापाला आल्या त्या दुपारी दारंखिडक्या लावून घेतल्या होत्या, कारण समोरच्या ओट्यावर तीन रिकामटेकडे पुरुष बसले होते आणि त्यांना बघण्याशिवाय धंदा नव्हता. महिनाभर पावसाचा थेंब नाही, हवा अशी कोरडी की ओठ फुटत होते. खोलीत अंधार. रोझेनिल्दाने घागरा डोक्यावरून ओढला आणि तिचे केस उभे राहिले. कापडात तडतड झालं आणि निळ्या ठिणग्या खांद्यांवरून पळाल्या.

पोरी एकमेकींना बिलगल्या. जुसेलियाने विचारलं, “आई, हे काय गं?”

वाल्देलीसच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तशाच ठेवून ती म्हणाली, “काय म्हणजे? वीज कुणाची? बाईंची. कापड त्यांच्या नावाने आलं, बाई येऊन बसल्या त्यात. हात जोडा नि सरळ उभ्या राहा, माप चुकतंय.”

तिने हे अर्धं थट्टेत म्हटलं. पण म्हटल्यावर तिच्याही अंगावर काटा आला आणि मग ते तिला खरंच वाटलं. पोरींनी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सांगितलं. मग ज्या-त्या बाईला आपल्या घागऱ्यातली वीज बघायची. एकेक येई, दार लावून घेई, कापड घासून बघे, कपाळाला हात लावून क्रूस काढी. एदिलेझा म्हणून एक थोराड बाई होती, तिच्या घागऱ्यातून सगळ्यांत जास्त ठिणग्या निघाल्या. ती म्हणाली, साहजिक आहे, देवीला बसायला माझ्याकडे जागा जास्त. बाहेर मात्र कुणी बोललं नाही. कृपा झाली की मुकाट राहायचं, बोललं की ती उतरते, असं मासाप्यात मानतात. त्यामुळे अडतीसजणी आणि वाल्देलीस, एवढ्यांनाच ते ठाऊक राहिलं.

चार तारखेला पहाटे सगळ्या लाल होऊन गेल्या. वाल्देलीसला शेठने कारुरूसाठी घरी ठेवलं होतं, कारण प्रसाद त्याच्या नावाने वाटायचा होता. अकराच्या आत कुणी निसटू नये म्हणून मुकादमाने शेडच्या दाराला बाहेरून साखळी घातली.

पावणेदहाला वाल्देलीस भेंडी चिरत होती. पहिला आवाज मोठा नव्हता. हजारो आपटबार एकदम फुटले तर पत्र्यावर मका ओतल्यासारखं वाजतं. तिला वाटलं, माल तपासतायत. दुसऱ्या आवाजाने भेंडीचं ताट उडालं, आणि तिसऱ्याला ती रस्त्यावर होती, चाकू हातात तसाच.

शेडला दार एकच. ते आत उघडायचं आणि बाहेरून साखळी. साखळीची किल्ली मुकादमाच्या खिशात, मुकादम मिरवणुकीच्या तयारीत, आणि त्याच्या खांद्यावर देवीच्या पालखीचा दांडा. आवाज त्यानेही ऐकला. पण दांडा टाकून कसं पळायचं, म्हणून आधी त्याने दुसरा खांदा शोधला. खांदा मिळेपर्यंत किल्लीचं काम संपलं होतं.

एकतीसजणी आतच गेल्या. सात बाहेर काढल्या, त्या नऊ दिवसांत एकेक करून गेल्या. जुसेलिया त्या सातांत. चार दिवस जगली, म्हणजे तिला जगवलं. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं. कमरेपासून घोट्यापर्यंत ते लाल तिच्यात मुरलं होतं. तरुण डॉक्टर चिमटा घेऊन बसला होता, त्याला उमजेना काय सोलायचं आणि काय ठेवायचं. शेवटी त्याने आईलाच आत बोलावलं. वाल्देलीसने काळ्या-चंदेरी बोटाने दाखवलं, इथवर कापड, इथून पोरगी. शिवणारणीच्या बोटाला कापड कळतं. दर वेळी बोट टेकलं की जुसेलिया दातांवर दात दाबायची, आणि आईला पुढचं बोट ठेवावंच लागायचं.

चौथ्या दिवशी पोरीने विचारलं की बाई का रागावल्या. वाल्देलीसला उत्तर सापडेपर्यंत ती गेली होती.

मग शेठचा वकील बोलला, आधी रेडिओवर, मग पेपरात. साखळीचं पाप त्याने मुकादमाच्या माथी मारलं, आणि मुकादम तर पळूनच गेला होता. आगीबद्दल वकिलाचं म्हणणं सरळ होतं. शेडमध्ये पाटी आहे, पाटीवर लिहिलंय, फक्त सुती कपडे घालावेत. बायकांनी नटण्यापायी नायलॉन घातलं, नायलॉनमधून ठिणगी पडली. नियम त्यांनी मोडला, मरण त्यांनी ओढवून घेतलं. तेव्हा शेठ दोषी नाही, शेडही दोषी नाही, आणि नवे नियम करायचं तर काही कारणच नाही, कारण नियम होताच. ह्यावर पेपरात एक चित्र आलं, लाल घागऱ्यातली बाई आरशासमोर आणि मागे धूर. ज्याने काढलं त्याच्या घरी बहुतेक आरसा नसावा.

मासाप्यात कुणाला मान वर करवेना. लोक मेलेल्या पोरींना नावं ठेवू लागले. नटव्या होत्या, सणाच्या दिवशी कामावर लाल कशाला घालायचं. पाद्रीनेसुद्धा दिखाऊपणावर प्रवचन केलं. आणि क्रिस्पिना खिडकीत आली.

तिने विचारलं, “देली, त्या कापडातून ठिणगी पडते, हे तुला ठाऊक होतं?”

“मला कसं ठाऊक असणार?” वाल्देलीस म्हणाली.

“आण घे.”

“जुसेलियाची आण.”

क्रिस्पिनाने मान हलवली आणि खिडकीतून तिच्यासाठी कॉफी सरकवली. ती कॉफी वाल्देलीसने प्यायली. मेलेल्या पोरीची खोटी आण घेतली होती, वर कॉफी गोड लागली, हे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

चौकशी बसली. साल्वादोर शहरातून एक न्यायाधीशबाई यायची होती आणि वाल्देलीसचं नाव साक्षीदारांत होतं, कारण घागरे तिने शिवले हे सगळ्या गावाला माहीत होतं. साक्षीच्या तीन दिवस आधी शेठ घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला, धर्मलेकीसाठी डोळे पुसले. मग म्हणाला, “कोमाद्रे, कापड बाजारातून आणलं म्हण. फिरता विक्रेता होता, तोंड आठवत नाही.”

“आणि पोरींनी नटण्यापायी घातलं, असंही म्हणू?”

“ते तू कशाला म्हणतेस? वकील म्हणतोय ना.” त्याने टोपी फिरवली. “मेलेल्यांना काय फरक पडतो? मी दगड बसवतो, पांढरा, संगमरवरी. अडतीस नावं. पहिलं नाव आपल्या पोरीचं.”

“आणि मी खरं सांगितलं तर?”

“तर पुढचा प्रश्न तुला येईल. शिवलंस तू. दिवस-दिवस मांडीवर घेऊन बसलीस त्या कापडाला. तुला काहीच दिसलं नाही?” तो उठला. “मी उद्या साल्वादोरला राहायला जाईन. तुला ह्याच भिंतीला पाठ लावून झोपायचंय. क्रिस्पिनाच्या.”

माणूस लबाड, पण मोजून बोलणारा. त्याने जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. वाल्देलीसने तीन दिवस विचार केला. गप्प राहिली तर अडतीसजणी नटव्या म्हणून कायमच्या कागदावर राहतील, त्यांत जुसेलिया पहिली, दगडावर कोरलेली. बोलली तर क्रिस्पिना जाईल. तिला जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

चौकशी शाळेच्या खोलीत होती. मुलांच्या बाकांवर मेलेल्यांच्या आया गुडघे दुमडून बसल्या होत्या. न्यायाधीशबाई वयस्क होती, सतत कान खाजवत होती. तिने कापडाचं विचारलं. वाल्देलीसने सांगितलं, शेठने दिलं, घालूनच या म्हणाला, त्याचं नाव घेऊ नको म्हणाला. खोलीत कुजबुज झाली. शेठ खिडकीबाहेर बघत राहिला.

मग वकील उठला. आवाज अगदी मऊ. “बाई, तुम्ही सातव्या वर्षापासून दारूकाम करता. शिलाईही करता. ह्या कापडातून ठिणगी पडते हे तुम्हाला कळलं नाही, असं न्यायालयाने मानायचं?”

हा तोच प्रश्न. नाही म्हटलं असतं तर वकील म्हणाला असता, बाईला कापडातलं काही कळत नाही, हिच्या बोलण्याला किंमत नाही. हो म्हटलं तर मागे क्रिस्पिना बसली होती.

वाल्देलीसने पिशवीतून एकोणचाळिसावा घागरा काढला, तिचा स्वतःचा. ती म्हणाली, “खिडक्या लावा.”

वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीशबाईने त्याला बसायला सांगितलं आणि शाळेच्या शिपायाने खिडक्या लावल्या. अंधारात वाल्देलीसने घागरा डोक्यावरून ओढला, पांढरे होत चाललेले केस उभे राहिले, आणि निळ्या ठिणग्या तिच्या खांद्यांवरून पळाल्या. कुणाचा तरी हात आपोआप कपाळाकडे गेला, क्रूस काढायला.

“दिसलं होतं,” वाल्देलीस अंधारातच म्हणाली. “मला दिसलं, माझ्या पोरीला दिसलं, क्रिस्पिनाच्या दोघींना दिसलं. मी म्हणाले, ही देवीची वीज आहे. कृपा आहे. माझं ऐकून सगळ्यांनी हात जोडले. भ्यायला हवं होतं ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ठिणगी म्हणजे काय ते ठाऊक असतं, तर ते कापड मी शेठच्या घरातच फाडलं असतं.”

खिडक्या उघडल्या. वकील म्हणाला की सांगितलं नव्हतं कसं, पाटी होती. न्यायाधीशबाईने ती पाटी मागवून घेतलेली होती, जळकी, कोपरा गेलेला. तिने ती वाल्देलीसपुढे धरली आणि म्हणाली, वाचा.

वाल्देलीसने पाटीकडे पाहिलं, मग न्यायाधीशबाईकडे. “उलटी तर नाही ना धरलीत?” तिने विचारलं.

न्यायाधीशबाईने मागच्या आयांना विचारलं, तुमच्यापैकी, तुमच्या पोरींपैकी वाचता कुणाला येत होतं. मोजून चार नावं निघाली. न्यायाधीशबाईने कान खाजवायचं थांबवलं आणि बराच वेळ लिहीत बसली.

वाल्देलीस वळली तेव्हा क्रिस्पिना उभी होती. एवढंच म्हणाली, “जुसेलियाची आण घेतली होतीस.” त्या संध्याकाळी क्रिस्पिनाने भिंतीतल्या खिडकीत विटा लावल्या. वाल्देलीस आपल्या बाजूला बसून एकेक वीट चढताना ऐकत होती. शेवटची वीट नीट बसेना, क्रिस्पिनाचे डोळे अधू होते. वाल्देलीसला वाटलं आपण इकडून हात लावावा, पण लावला नाही.

निकालात अडतीसजणींवरचा ठपका पुसला गेला. शेठला शिक्षा झाली. त्याने वरच्या कोर्टात दाद मागितली, मग त्याच्याही वरच्या. शेवटचं कोर्ट येईपर्यंत तो साल्वादोरला स्वतःच्या पलंगावर, पंख्याखाली, पाद्री उशाशी बसवून सुखाने मेला. नियम मात्र राहिले. दारूकामाची शेड गावाबाहेर, घरांपासून दूर. दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी, साखळी घालील त्याला तुरुंग. जमीन दिवसातून चारदा ओली. अठरा वर्षांखालचं कुणी नाही. पाटी वाचून दाखवायची, दर सोमवारी, मोठ्याने, आणि प्रत्येक नियम कशासाठी तेही सांगायचं. सुती कपडे, आणि ते दारात हाताने तपासायचे.

ह्या सगळ्याने वाल्देलीसचं भलं झालं असं कुणी समजू नये. जुन्या शेड बंद झाल्या, नवी उघडायला दोन वर्षं लागली. तोवर बायकांनी मसाला चोरून आणून स्वयंपाकघरात आपटबार वळले, चुलीपासून चार हातांवर. एका पोरीची तीन बोटं गेली. मग अधिकारी घराघरांत शिरून मसाला जप्त करू लागले, आणि पाण्यावर, रस्त्यावर भेटणारी प्रत्येक बाई वाल्देलीसला ऐकवू लागली की तुझ्या जिभेने आमचं पीठ खाल्लं. तिच्याकडे कुणी शिवायला टाकेना. ती दोन कोसांवरच्या गावात जाऊन उशांचे अभ्रे शिवायची.

नवी शेड उघडली ती शेठच्या पुतण्याची. दुसऱ्या कुणाकडे पैसा होता? दारात कपडे तपासायला बाई हवी होती, बोटाने कापड ओळखणारी. पुतण्याला वाल्देलीस नको होती, पण तपासणीच्या साहेबाने तिचंच नाव लिहिलं. तेव्हापासून ती दारात स्टूल टाकून बसते. आत जाणारी प्रत्येक बाई तिच्यापुढे उभी राहते, ती काठ चिमटीत धरते, पट्टा बघते, आतला परकर बघते. बायका वर बघतात, वाल्देलीस कापडाकडे. सुप्रभात कुणी म्हणत नाही.

आगीनंतर चौदा वर्षांनी एका सकाळी क्रिस्पिना आली. आता तिला फारसं दिसत नव्हतं, मारिनेसच्या मुलीच्या, इराशीच्या खांद्यावर हात ठेवून आली होती. आई गेली तेव्हा इराशी चार वर्षांची होती. आता अठरा पुरी झाली होती आणि मासाप्यात बायकांना अजूनही दुसरं काम नव्हतं.

क्रिस्पिना वाल्देलीसच्या समोर उभी राहिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली. “नीट तपास,” ती म्हणाली. “माझ्या दोघींना तपासलं नव्हतंस.”

वाल्देलीस स्टुलावरून उतरून गुडघ्यांवर बसली. पोरीचा झगा सुती होता. पण खालच्या काठाला कुणीतरी हौसेने फीत लावली होती, आणि फीत बोटाला चिकटली. तिने काठ पोरीच्या हातात देऊन नकारार्थी मान हलवली. क्रिस्पिनाने विचारलं नाही काय झालं. पोरीला घेऊन घरी गेली, अर्ध्या तासाने फीत उसवून परत आली, आणि पुन्हा म्हणाली, “नीट तपास. माझ्या दोघींना तपासलं नव्हतंस.”

त्या दिवसापासून रोज. पाऊस असो, ऊन असो, क्रिस्पिना पोरीला दारापर्यंत सोडते, तेच बोलते आणि जाते. वाल्देलीस रोज ऐकते, रोज तपासते. बाकीच्या बायका आधी चुकचुकल्या, मग सवय झाली, मग त्यावर हसूही लागल्या. कामाच्या जागी सगळ्याचंच हसू होतं.

गेल्या हिवाळ्यात क्रिस्पिनाला ताप भरला. इराशी एकटीच आली. वाल्देलीसने काठ बघितला, पट्टा बघितला, परकर बघितला आणि हाताने खूण केली, जा आत. पोरगी हलेना. मागे रांग लागली.

“काय गं?” वाल्देलीसने विचारलं.

पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. “आजीने एक सांगितलंय म्हणायला.”

“मग म्हण.”

इराशीने मान वर केली. तिचा आवाज थेट रोझेनिल्दासारखा होता. “नीट तपास,” ती म्हणाली. “आजीच्या दोघींना तपासलं नव्हतंस.”

वाल्देलीस पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि पहिल्यापासून तपासायला लागली.